केनी डॅलग्लिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅलग्लिशबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. आधी सोपे प्रश्न, मग घोळ होणारे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. केनी डॅलग्लिश म्हणजे नक्की कोण? दोन-चार ओळींत सांगा.

ग्लासगोचा माणूस. जन्म ४ मार्च १९५१, शहराच्या पूर्वेकडच्या डालमार्नॉक या कामगार वस्तीतला. आधी सेल्टिकचा आणि मग लिव्हरपूलचा आघाडीचा खेळाडू. १९८५ मध्ये, ३४व्या वर्षी, लिव्हरपूलचा प्लेअर-मॅनेजर झाला. पुढे ब्लॅकबर्न, न्यूकॅसल, थोडे महिने सेल्टिक आणि २०११ मध्ये पुन्हा लिव्हरपूल. इंग्लंडची लीग दोन वेगवेगळ्या क्लबांना जिंकून देणारे मॅनेजर मोजकेच: टॉम वॉटसन, हर्बर्ट चॅपमन, ब्रायन क्लफ आणि हा. अ‍ॅनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावर त्याला 'किंग केनी' म्हणतात. त्यातला निम्मा मान खेळासाठी आहे आणि निम्मा १९८९ साठी (प्रश्न ९).

२. तो लहानपणी रेंजर्सचा चाहता होता म्हणे. मग सेल्टिकमध्ये कसा गेला?

खरं आहे. रेंजर्स आणि सेल्टिक हे ग्लासगोचे दोन कट्टर प्रतिस्पर्धी क्लब. घर प्रोटेस्टंट, वडील रेंजर्सवाले, आणि पुढे कुटुंब राहायला गेलं तेही रेंजर्सच्या इब्रॉक्स मैदानाजवळ. खिडकीतून रेंजर्सचं सरावाचं मैदान दिसायचं. शाळेत सुरुवातीला पठ्ठ्या गोलकीपर होता. पण रेंजर्सने त्याला कधी विचारलंच नाही. १५व्या वर्षी वेस्ट हॅम आणि लिव्हरपूल दोन्हीकडे चाचणी देऊन आला, तिथेही काही जमलं नाही.

१९६७ च्या मे महिन्यात सेल्टिकचे मॅनेजर जॉक स्टीन यांनी आपले सहायक शॉन फॅलन यांना डॅलग्लिशच्या घरी पाठवलं. दारात सेल्टिकचा माणूस उभा आहे हे कळल्यावर पोराने धावत जाऊन आपल्या खोलीतली रेंजर्सची चित्रं भिंतीवरून खाली काढली. फॅलनच्या लग्नाचा वाढदिवस होता त्या दिवशी. 'आलोच' म्हणून बायको-मुलांना गाडीत बसवून ते वर गेले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत, असं सांगतात.

त्या काळात रेंजर्स कॅथलिक खेळाडू घेत नसे. सेल्टिक हा आयरिश कॅथलिक मुळांचा क्लब असला, तरी त्यांना खेळाडूच्या धर्माशी देणंघेणं नव्हतं. स्टीन स्वतः प्रोटेस्टंट होते. म्हणजे एका बाजूचं दार अर्धं बंद आणि दुसऱ्या बाजूचं सताड उघडं. सेल्टिकच्या यशाचं हे एक कारण होतं, असं माझं मत.

३. १९६७ चा युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) जिंकणाऱ्या सेल्टिक संघात तो होता का?

नाही. २५ मे १९६७ ला लिस्बनमध्ये सेल्टिकने इंटर मिलानला २-१ हरवलं, तेव्हा डॅलग्लिशची सही नुकतीच झाली होती. त्याला आधी कंबरनॉल्ड युनायटेड या छोट्या क्लबात खेळायला पाठवलं गेलं. सेल्टिककडून पहिला सामना १९६८ मध्ये. डॅनी मॅकग्रेन, लू मकारी, डेव्हिड हे यांच्यासोबत राखीव संघात वाढलेली ही पिढी. सेल्टिकसाठी ३२२ सामने, १६७ गोल. चार वेळा लीग, चार स्कॉटिश कप, एक लीग कप. शेवटची दोन वर्षं तो कर्णधारही होता.

४. लिव्हरपूलने त्याच्यासाठी किती पैसे मोजले? आणि कीगनच्या जागी आला म्हणजे काय?

ऑगस्ट १९७७, ४ लाख ४० हजार पौंड. ब्रिटिश क्लबांमधल्या व्यवहारात तेव्हाचा विक्रम. केविन कीगन युरोपियन कप जिंकून हॅम्बर्गला गेला होता, ५ लाखांना. म्हणजे मॅनेजर बॉब पेझली यांनी जगातल्या गाजलेल्या खेळाडूंपैकी एक विकला, त्याची ७ नंबरची जर्सी नव्या माणसाला दिली आणि वर ६० हजार पौंड वाचवले. लिव्हरपूलमध्ये त्या उन्हाळ्यात लोक धास्तावलेले होते. पहिल्या लीग सामन्यात, मिडल्सब्रोविरुद्ध, डॅलग्लिशने सातव्या मिनिटाला गोल केला आणि धास्ती तिथेच संपली.

पहिल्याच हंगामात त्याने ३१ गोल मारले. शेवटचा युरोपियन कप फायनलचा, १० मे १९७८, वेम्बली, समोर बेल्जियमचा क्लब ब्रुगे. सहकारी ग्रेम सूनेसने बचावफळीतून चेंडू आत सारला. डॅलग्लिश गोलसमोर, थोडा उजवीकडे. तिथे कुणीही घाईने फटका मारला असता. हा थांबला. गोलकीपर यन्सन पुढे येऊन खाली झेपावला आणि तेवढ्यात याने चेंडू त्याच्या अंगावरून अलगद उचलून टाकला. १-०. मग जाहिरातीच्या फळ्यांवरून उडी मारून प्रेक्षकांकडे. डॅलग्लिश कसा खेळाडू होता हे कळायला हा एक गोल बघितला तरी पुरे.

कीगनची जागा घेण्याचा योग त्याच्या नशिबात आणखी एकदा होता. प्रश्न १४ पाहा.

५. स्ट्रायकर म्हणावा तर गोल त्या मानाने कमी. तो नक्की कुठे खेळायचा?

लिव्हरपूलसाठी ५१५ सामन्यांत १७२ गोल. इयन रशच्या ३४६ शी तुलना केली तर कमी वाटतात, पण रशच्या त्या गोलांमागे बऱ्याचदा डॅलग्लिशच असायचा. तो मुख्य स्ट्रायकरच्या जरा मागे, बचावपटू आणि मधली फळी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत खेळायचा. वेग कधीच फार नव्हता. गोलकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, कंबर आणि पार्श्वभाग मागे रेलून बचावपटूला दूर ठेवायचा आणि मान वळवायच्या आधीच रश कुठे धावतोय हे त्याला माहीत असायचं. ताकद पायात कमी आणि बुडात जास्त, असं त्याला मार्क करणारे बचावपटू वैतागून म्हणायचे.

फुटबॉल लेखकांच्या संघटनेचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू हा मान १९७९ आणि १९८३ मध्ये; १९८३ मध्येच खेळाडूंच्या संघटनेचाही. त्याच वर्षी बॅलन डोर म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात प्लाटिनीच्या मागे दुसरा.

६. स्कॉटलंडसाठी त्याची कामगिरी कशी होती? १९८६ चा वर्ल्ड कप का खेळला नाही?

१०२ सामने हा स्कॉटलंडच्या पुरुष संघाचा विक्रम अनेक दशकं टिकला, आणि ३० गोल ही डेनिस लॉशी बरोबरी. १९७४, १९७८, १९८२ असे तीन वर्ल्ड कप खेळला आणि तिन्ही वेळा स्कॉटलंड पहिल्या फेरीतच बाहेर. क्लबसाठी दिसणारा डॅलग्लिश वर्ल्ड कपमध्ये कधी पूर्ण दिसला नाही, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही. इंग्लंडविरुद्ध मात्र हात सैल: १९७६ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर गोलकीपर रे क्लेमन्सच्या दोन पायांमधून चेंडू घालवून मारलेला विजयी गोल स्कॉटिश लोक अजून विसरलेले नाहीत. पुढच्याच वर्षी हाच क्लेमन्स लिव्हरपूलमध्ये त्याचा सहकारी झाला.

१९८६ मध्ये नाव मागे घेण्याचं अधिकृत कारण गुडघ्याची दुखापत. जॉक स्टीन सप्टेंबर १९८५ मध्ये कार्डिफला सामन्याच्या वेळीच कोसळून वारले होते आणि संघ अ‍ॅलेक्स फर्ग्युसनकडे आला होता. त्याने अ‍ॅलन हॅन्सन या लिव्हरपूलमधल्या सहकाऱ्याला वगळलं म्हणून मित्राच्या बाजूने डॅलग्लिश रुसला, अशी कुजबुज तेव्हापासून आहे. ती कुजबुजच समजावी.

७. प्लेअर-मॅनेजर म्हणजे काय? एकाच वेळी दोन्ही कसं जमायचं?

संघ निवडणारा आणि मैदानात उतरणारा माणूस एकच. इंग्लंडच्या वरच्या पातळीवर आता असं होत नाही, तेव्हाही क्वचितच व्हायचं. डॅलग्लिशच्या बाबतीत वेळही भयंकर होती. २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझेल मैदानात युव्हेंटसविरुद्धच्या फायनलआधी ३९ माणसं मेली, बहुतेक इटालियन. लिव्हरपूलचे मॅनेजर जो फॅगन निवृत्त होणार हे आधीच ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी, क्लबची जगभर छी-थू होत असताना, नवा मॅनेजर म्हणून डॅलग्लिशचं नाव जाहीर झालं.

कालपर्यंत ड्रेसिंग रूममध्ये सोबत बसणाऱ्यांना आज संघातून काढायचं, हे काम सोपं नव्हतं. सल्ल्याला पेझली होते आणि सरावाला रॉनी मोरान, रॉय इव्हान्स. पहिल्या हंगामात त्याने स्वतःला बराच काळ बाहेरच ठेवलं. शेवटच्या टप्प्यात उतरला, आणि ३ मे १९८६ ला स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सीविरुद्ध जिम बेग्लिनने आत टाकलेला चेंडू छातीवर घेऊन, जमिनीवर पडू न देता, गोलमध्ये मारला. १-०, आणि लीग लिव्हरपूलची. आठवड्याने एव्हर्टनला ३-१ हरवून एफए कपही. एकाच मोसमात दोन्ही जिंकणं लिव्हरपूलला त्याआधी कधी जमलं नव्हतं.

८. त्याची लीग विजेतेपदं एकूण किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

घोळ होतो तो प्लेअर-मॅनेजरच्या काळामुळे. असं मोजा.

सेल्टिकचा खेळाडू म्हणून ४: १९७२, १९७३, १९७४, १९७७.

लिव्हरपूलचा निव्वळ खेळाडू म्हणून ५: १९७९, १९८०, १९८२, १९८३, १९८४.

लिव्हरपूलचा मॅनेजर म्हणून ३: १९८६, १९८८, १९९०. यातल्या १९८६ मध्ये तो खेळाडू म्हणूनही खरोखर सहभागी होता. १९८८ आणि १९९० मध्ये तो बदली म्हणून नावापुरता उतरला, त्यामुळे ती दोन खेळाडूच्या खात्यात धरणं ओढून-ताणून होईल. त्याचा शेवटचा सामना १ मे १९९० चा, डर्बीविरुद्ध, वय ३९.

ब्लॅकबर्नचा मॅनेजर म्हणून १: १९९५.

म्हणजे वेगवेगळी विजेतेपदं १३. १९८६ दोन्ही खात्यांत धरलं की खेळाडू १०, मॅनेजर ४ असा हिशोब होतो आणि बेरीज १४ दिसते. दोन्ही बरोबर, कोण काय मोजतंय एवढं बघायचं.

९. हिल्सबरोच्या वेळी त्याने नेमकं काय केलं, की लोक अजून त्याचं नाव काढतात?

१५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची उपांत्य फेरी, समोर नॉटिंगहम फॉरेस्ट. लेपिंग्ज लेन बाजूच्या जाळीबंद कप्प्यांत गर्दी अशी लोटली गेली की माणसं उभ्या-उभ्या चिरडली. सामना तीन वाजून सहा मिनिटांनी थांबवला. अखेरीस मृतांचा आकडा ९७ झाला. त्यातला ९७वा जखमी चाहता २०२१ मध्ये वारला. त्या दुपारी मैदानावरच्या ध्वनिक्षेपकावरून लोकांना शांत राहण्याचं आवाहन करायला पोलिसांनी डॅलग्लिशलाच सांगितलं होतं.

खरी कसोटी पुढच्या आठवड्यांत लागली. अ‍ॅनफिल्डचे दरवाजे लोकांसाठी उघडले गेले, आणि कॉपच्या (लिव्हरपूलच्या कट्टर चाहत्यांच्या स्टँडच्या) बाजूने सुरू झालेला फुलांचा थर मैदानाच्या मध्यरेषेपर्यंत पोचला. मृतांचे नातेवाईक क्लबात यायचे, खेळाडू आणि त्यांच्या बायका त्यांना चहा द्यायच्या, त्यांच्याजवळ बसायच्या. यात डॅलग्लिशची पत्नी मरिना पुढे होती. खेळाडू इस्पितळात शुद्धीवर नसलेल्या मुलांच्या खाटांशेजारी बसून बोलायचे. प्रत्येक अंत्यविधीला क्लबचं कुणीतरी असेल हे ठरवलं गेलं, आणि डॅलग्लिश शक्य तितक्यांना गेला. एका दिवशी चार. ३८ वर्षांचा एक फुटबॉलपटू जे सुचेल ते करत होता.

घटनेनंतर चारच दिवसांनी 'द सन'ने पहिल्या पानावर चाहत्यांवर प्रेतांचे खिसे कापल्यासारखे घाणेरडे आरोप छापले. शहराने त्या पेपरवर बहिष्कार टाकला. तेव्हा संपादक केल्विन मॅकेन्झी यांनी फोन करून हे निस्तरायचं कसं असं विचारलं, आणि आपण त्यांना 'आम्ही खोटं बोललो' हा मथळा तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा असं सांगितलं, असं डॅलग्लिशने नंतर सांगितलं आहे. तसं छापणार नाही म्हटल्यावर याने विषय संपवला. चाहत्यांचा दोष नव्हता आणि त्या मृत्यूंना बेकायदा मनुष्यवध म्हणावं, हा ज्यूरीचा निकाल यायला एप्रिल २०१६ उजाडला. त्याच वर्षी लिव्हरपूल शहराने केनी आणि मरिनाला शहराचं मानद नागरिकत्व दिलं.

फुटबॉलचं पुढे काय झालं तेही विचारलं जातं. उपांत्य सामना पुन्हा खेळून जिंकला, फायनलमध्ये एव्हर्टनला ३-२ हरवलं. त्यानंतर सहाच दिवसांनी, २६ मे ला, आर्सेनलला लीग जिंकायला अ‍ॅनफिल्डवर दोन गोलांनी जिंकणं भाग होतं, आणि मायकेल थॉमसने अगदी शेवटच्या क्षणी दुसरा गोल केला.

१०. लिव्हरपूल लीगमध्ये अव्वल असताना १९९१ मध्ये त्याने अचानक राजीनामा का दिला?

अचानक लोकांना वाटलं. २० फेब्रुवारी १९९१ ला गुडिसन पार्कवर एव्हर्टनविरुद्ध एफए कपचा सामना ४-४ सुटला. लिव्हरपूल चार वेळा पुढे गेलं आणि चारही वेळा बरोबरी झाली. बचाव घट्ट करायला एक बदल करायला हवा हे डॅलग्लिशला बाकावर बसून स्वच्छ दिसत होतं. तो केला नाही, करवलाच नाही, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. २२ तारखेला पत्रकार परिषद आणि राजीनामा. अंगावर पुरळ उठत होतं, झोप नव्हती, घरी मुलांवर चिडचिड होत होती.

प्रश्न ९ मधलं सगळं वाचल्यावर 'अव्वल असताना का?' हा प्रश्नच मला थोडा उलटा वाटतो. २२ महिने तो कसा टिकला, हे विचारायला हवं. हेझेल आणि हिल्सबरोच नाही, तर जानेवारी १९७१ मध्ये इब्रॉक्सच्या जिन्यावर ६६ माणसं मेली तेव्हाही सेल्टिकचा तरुण खेळाडू म्हणून तो मैदानात हजर होता. पुरुषाने, त्यातही ग्लासगोच्या, 'मला सोसत नाही' म्हणण्याची तेव्हा पद्धत नव्हती. काही महिने विश्रांती घेऊन तो परत यायला तयार होता, पण क्लबने तोवर ग्रेम सूनेसला आणलं. लिव्हरपूलला पुढचं लीग विजेतेपद मिळायला २०२० उजाडलं.

११. ब्लॅकबर्नने पैशाच्या जोरावर लीग विकत घेतली, मग त्यात डॅलग्लिशचं कर्तृत्व काय?

पैसा होता हे नाकारायचं कारण नाही. पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेला जॅक वॉकर आपल्या गावच्या क्लबावर ओतत होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये डॅलग्लिश आला तेव्हा ब्लॅकबर्न दुसऱ्या विभागात. मे १९९२ मध्ये प्लेऑफच्या फायनलमध्ये लेस्टरला एका पेनल्टीवर हरवून वर आला. मग स्ट्रायकर शिअररसाठी ब्रिटिश विक्रमी रक्कम; १९९४ मध्ये क्रिस सटनसाठी ५० लाख पौंड, तोही विक्रम. क्रमवारी चौथी, दुसरी, पहिली.

पण शिअररच्या मागे मँचेस्टर युनायटेडही होतं. त्याने ब्लॅकबर्नसारखं गिरण्यांचं छोटं गाव निवडलं ते डॅलग्लिशमुळे. पैसा सगळं करतो म्हणणाऱ्यांनी रॉय कीनची गोष्टही आठवावी. १९९३ मध्ये कीन आणि डॅलग्लिश यांचं तोंडी ठरलं होतं. शुक्रवारी ऑफिसची माणसं घरी गेलेली, कागद तयार नव्हते, म्हणून सही सोमवारवर ढकलली. मधल्या दिवसांत युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसनचा फोन गेला आणि कीन युनायटेडचा झाला. उरलेला संघ तुलनेने स्वस्तातला होता: हेंड्री, ल सो, शेरवुड, रिप्ली, विल्कॉक्स. खेळ साधा, दोन्ही बगलांतून क्रॉस आणि आत शिअरर. सरावाचं श्रेय सहायक रे हारफर्डलाही द्यायला हवं. ते फारसं कुणी देत नाही.

१२. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न हरलं होतं ना? मग चॅम्पियन कसं?

१४ मे १९९५. ब्लॅकबर्न दोन गुणांनी पुढे, पण गोलफरक युनायटेडचा सरस. ब्लॅकबर्नचा सामना कुठे, तर अ‍ॅनफिल्डवर! युनायटेड वेस्ट हॅमच्या मैदानात. लिव्हरपूलच्या चाहत्यांची पंचाईत झाली: आपण जिंकावं तर लीग युनायटेडला जाण्याची भीती, हरावं तर किंग केनीचा फायदा. शिअररने गोल केला, बार्न्सने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेत जेमी रेडनॅपच्या फ्री-किकने लिव्हरपूल २-१ जिंकलं. क्षणभर डॅलग्लिशचा चेहरा पडला. तेवढ्यात लंडनहून बातमी आली की लुडेक मिक्लोश्कोने वेस्ट हॅमचा गोल राखला, १-१. ब्लॅकबर्न ८९, युनायटेड ८८. १९१४ नंतरची ही त्यांची पहिली लीग, आणि ती अ‍ॅनफिल्डवरच साजरी झाली.

महिन्याभरात डॅलग्लिश 'डायरेक्टर ऑफ फुटबॉल' झाला आणि संघ हारफर्डकडे गेला. हा निर्णय चुकला, असं मला वाटतं. विजेत्यांनी नवे खेळाडू घेण्याची वेळ तीच होती, आणि पुढच्या हंगामात संघ सातवा आला.

१३. पुण्याच्या व्यंकीजचा ब्लॅकबर्न तो हाच का? डॅलग्लिश त्यांच्याकडे होता का?

क्लब हाच, काळ वेगळा. जॅक वॉकर २००० मध्ये वारले. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने क्लब घेतला नोव्हेंबर २०१० मध्ये, म्हणजे त्या विजेतेपदानंतर १५ वर्षांनी. डॅलग्लिशने त्यांच्यासाठी कधी काम केलेलं नाही. २०११ मध्ये ब्लॅकबर्नचा संघ पुण्यात बालेवाडीला मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला, ते काहींना आठवत असेल. २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली गेला.

एक धागा मात्र आहे. ५ जानेवारी २०११ ला व्यंकीजच्या ब्लॅकबर्नने लिव्हरपूलला ३-१ हरवलं. तो रॉय हॉजसनचा लिव्हरपूलसोबत शेवटचा सामना ठरला. तीन दिवसांनी त्याच्या जागी डॅलग्लिश होता.

१४. न्यूकॅसलमध्ये तो अपयशी ठरला, हे खरं का?

निकालांवरून हो, पण जितकं रंगवतात तितकं नाही. जानेवारी १९९७ मध्ये कीगनने सोडलं आणि पुन्हा एकदा त्याच्या जागी हा. तो हंगाम दुसऱ्या क्रमांकावर संपवला. सप्टेंबरमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोनाला ३-२ हरवलं, आस्प्रियाचे तीन गोल. पण स्ट्रायकर फर्डिनंड विकायचं ठरत असतानाच, तोवर न्यूकॅसलला आलेल्या शिअररचा घोटा गेला आणि आक्रमणाची हवाच गेली. संघ तेरावा आला, एफए कपच्या फायनलमध्ये आर्सेनलकडून ०-२. पस्तिशीकडे झुकलेले जुने मित्र रश आणि बार्न्स यांना आणणं लोकांना रुचलं नाही. शे गिव्हन, गॅरी स्पीड, सोलानो हेही त्यानेच आणले, हे मात्र कुणी सांगत नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये, हंगामाचे दोनच सामने झाले असताना, त्याला काढलं.

१५. तो सेल्टिकचा मॅनेजर कधी झाला होता का?

हंगामी. १९९९ मध्ये डायरेक्टर ऑफ फुटबॉल म्हणून गेला आणि कोच म्हणून जॉन बार्न्सला बसवलं. फेब्रुवारी २००० मध्ये सेल्टिक आपल्याच मैदानावर खालच्या विभागातल्या इन्व्हरनेस कॅलेडोनियन थिसलकडून १-३ हरलं, बार्न्स गेला आणि उरलेला हंगाम डॅलग्लिशने सांभाळला. अ‍ॅबरडीनला २-० हरवून लीग कप जिंकला. पत्रकारांवर वैतागून एक पत्रकार परिषद त्याने सेल्टिकवाल्यांच्या बेअर्ड्स बारमध्ये घेतली होती.

१६. २०११-१२ मध्ये लीग कप जिंकूनही लिव्हरपूलने त्याला का काढलं?

लीगमधल्या आठव्या क्रमांकामुळे. आला तेव्हा त्याने अर्धा हंगाम सावरून सहावा क्रमांक मिळवला, लोक खूश. तोरेस ५ कोटी पौंडांना विकून सुआरेझ आणि ३.५ कोटी पौंडांचा अँडी कॅरल आले. पैकी सुआरेझ सोनं निघाला. कॅरल मात्र चालला नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये कार्डिफला पेनल्टीवर हरवून लीग कप मिळाला, क्लबचा सहा वर्षांतला पहिला करंडक. एफए कपची फायनल चेल्सीकडून १-२. पण अमेरिकन मालकांना चॅम्पियन्स लीग हवी होती, आणि संघ ५२ गुणांवर अडकला. १६ मे २०१२ ला त्याला दूर केलं गेलं.

१७. सुआरेझ-एव्हरा प्रकरणात त्याने चूक केली का?

केली. ऑक्टोबर २०११ मधल्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला वंशवाचक शब्द वापरल्याबद्दल डिसेंबरमध्ये सुआरेझवर आठ सामन्यांची बंदी आली. खेळाडूंनी सुआरेझच्या चित्राचे टी-शर्ट घातले आणि डॅलग्लिशने ते चालू दिलं. फेब्रुवारीत ओल्ड ट्रॅफर्डवर सुआरेझने एव्हराशी हस्तांदोलन टाळलं, त्यानंतरच्या टीव्ही मुलाखतीत डॅलग्लिश विचारणाऱ्यावरच उखडला. दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली. आपल्या माणसाच्या पाठीशी डोळे झाकून उभं राहणं हा त्याचा स्वभावच. १९८९ मध्ये तोच स्वभाव शहराच्या कामी आला होता. इथे तो दुखावलेल्या माणसाच्या विरोधात गेला.

१८. एवढा मोठा मॅनेजर, पण युरोपियन कप का जिंकला नाही?

खेळाडू म्हणून तीन जिंकले: १९७८, १९८१, १९८४. मॅनेजर म्हणून संधी मिळाली ती एकदाच, न्यूकॅसलसोबत (प्रश्न १४). हेझेलनंतर इंग्लिश क्लबांवर पाच वर्षं बंदी होती, लिव्हरपूलवर आणखी एक वर्ष. बार्न्स, बिअर्डस्ली, ऑल्ड्रिज, हाउटन यांचा १९८७-८८ चा संघ लीगच्या पहिल्या २९ सामन्यांत हरला नव्हता. तो युरोपात कधी दिसलाच नाही. ब्लॅकबर्न चॅम्पियन्स लीग खेळलं तेव्हा डॅलग्लिश मॅनेजर नव्हता (प्रश्न १२).

१९. फर्ग्युसनशी त्याचं वैर होतं का?

दोघेही ग्लासगोचे, दोघांचाही शब्द खाली पडू न देण्याचा स्वभाव. एप्रिल १९८८ मध्ये अ‍ॅनफिल्डवर ३-३ झाल्यावर फर्ग्युसन रेडिओवाल्यासमोर पंचांवर तोंडसुख घेत होता. डॅलग्लिश तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन तिथून चालला होता. त्याने जाता जाता रेडिओवाल्याला सुचवलं की त्यापेक्षा या सहा आठवड्यांच्या पोरीशी बोल, जास्त शहाणपणाचं ऐकशील. पण हिल्सबरोनंतर फर्ग्युसनने त्याला आधार दिला होता, आणि वय झाल्यावर दोघांचं बरं जमलं.

२०. 'सर' कधी झाला? आता काय करतो?

जून २०१८ मध्ये नाइटहुड जाहीर झालं. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये अ‍ॅनफिल्डच्या सेंटेनरी स्टँडला त्याचं नाव दिलं गेलं. २०१३ मध्ये तो संचालक म्हणून क्लबमध्ये परतला. मरिनाला २००३ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला होता; त्यातून बरी झाल्यावर तिने सुरू केलेल्या निधीने लिव्हरपूल परिसरातल्या कर्करोग उपचारांसाठी मोठी रक्कम उभी केली आहे, आणि त्या कामात केनी तिच्यासोबत असतो.